सायलेन्सर बदलला; इंजिनाचा हिशेब कोण जुळवणार?

रस्त्यावर ओळीने मांडलेले जप्त सायलेन्सर आणि त्यांवरून फिरणारा रोडरोलर, हे छायाचित्र महाराष्ट्रातल्या वाचकांना आता नवे राहिलेले नाही. पोलिसांची मोहीम होते, दंडाच्या पावत्या फाटतात, चार दिवस रस्ते जरा शांत वाटतात आणि मग पुन्हा तोच 'फट् फट्' आवाज सुरू होतो. नांदेडच्या वजिराबाद-शिवाजीनगरपासून लातूरच्या औसा रोड-बार्शी रोडपर्यंत राहणाऱ्यांना तो वेगळा सांगायला नको. या सगळ्या चर्चेत सायलेन्सरकडे केवळ आवाजाचे भांडे म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात तो इंजिनाचाच एक भाग आहे. तो बदलला की इंजिनात शिरणारी हवा, जळणारे पेट्रोल आणि बाहेर पडणारा वायू या तिघांचे गणित बदलते. हे गणित पुन्हा जुळवण्याच्या कामाला 'ट्यूनिंग' म्हणतात. आपल्याकडे ते बहुतेक वेळा होतच नाही, आणि झाले तरी कोणासाठी होते, हा खरा प्रश्न आहे.

नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर खऱ्या अर्थाने स्पोर्ट्स कार म्हणता येतील अशा गाड्या बोटांवर मोजण्याइतक्याच. मात्र स्पोर्ट्स कारला जे केले जाते, तेच इथे बुलेटला, दीडशे-दोनशे सीसीच्या दुचाकींना आणि टर्बो इंजिनाच्या छोट्या मोटारींना केले जाते. मूळ सायलेन्सर काढून 'इंदौरी', 'पंजाबी' अशा नावांनी विकला जाणारा मोकळा सायलेन्सर बसवायचा, एअर फिल्टरचा डबा काढून तिथे शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावायचा. गाडी लहान असो वा मोठी, आतले विज्ञान तेच.

इंजिन श्वास कसे घेते?

पेट्रोल इंजिनाला एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हवा जास्त झाली तर मिश्रण 'पातळ' होते आणि इंजिन तापू लागते. जुन्या गाड्यांत हे प्रमाण कार्ब्युरेटर सांभाळत असे. मेकॅनिक कानाने आवाज ऐकून आणि स्पार्क प्लगचा रंग पाहून जेट बदलत असे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ हे मानक लागू झाले आणि दुचाकींमध्येही बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. आता हे काम ईसीयू हा छोटा संगणक करतो. इंजिनाचे फेरे किती, थ्रॉटल किती उघडला, आत येणाऱ्या हवेचा दाब आणि तापमान किती, हे पाहून किती पेट्रोल सोडायचे आणि ठिणगी नेमकी केव्हा पाडायची, याचे तक्ते कंपनीने त्याच्या स्मृतीत भरलेले असतात. या तक्त्यांनाच 'मॅप' म्हणतात.

हे तक्ते मूळ सायलेन्सर आणि मूळ एअर फिल्टर गृहीत धरून बनवलेले असतात. दोन्ही मोकळे केले की विशेषतः जास्त फेऱ्यांवर आत जास्त हवा येते. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखतो आणि संथ, एकसारख्या चालीत ईसीयू पेट्रोल थोडे कमी-अधिक करून घेतो. मात्र ही दुरुस्ती ठरावीक मर्यादेपर्यंतच होते. थ्रॉटल पूर्ण उघडला की अनेक गाड्यांत ईसीयू सेन्सरचे ऐकणे थांबवतो आणि थेट तक्त्यावर चालतो. नेमक्या त्याच वेळी हवा जास्त आणि पेट्रोल जुन्या हिशेबाचे, अशी स्थिती होते. मिश्रण पातळ पडते, ज्वलनकक्ष तापतो, मिश्रण वेळेआधी पेटून 'नॉकिंग' होते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळणे, पिस्टनच्या माथ्याला इजा होणे हे त्याचे पुढचे टप्पे. सायलेन्सर बदलल्यानंतर सहा महिन्यांनी इंजिन उघडावे लागले, तर दोन्हींचा संबंध लावण्याचे भान मालकाला क्वचितच राहते.

'बॅक प्रेशर काढला की ताकद वाढते' हेही अर्धेच खरे आहे. सिलिंडरमधून जळलेला वायू बाहेर पडतो तो धक्क्याधक्क्याने. त्या धक्क्यांच्या लाटा नळीत पुढे जातात आणि परत फिरतात. नळीची लांबी आणि जाडी नीट ठरवलेली असेल तर परतणारी लाट आतला उरलेला वायू खेचून घ्यायला मदत करते. अंदाजाने बसवलेल्या रुंद नळीत ही मदत शहरी वेगाला नाहीशी होते. म्हणून मोकळ्या सायलेन्सरची गाडी आवाजाला जोरकस पण चौकातून उठताना ढिली, असा अनुभव येतो. कान मात्र फसतात, कारण मोठा आवाज म्हणजे मोठी ताकद असे आपल्याला वाटते. ३५० सीसीच्या बुलेटची ताकद साधारण २० अश्वशक्ती असते. मोकळा सायलेन्सर, फिल्टर आणि नीट ट्यूनिंग यांतून ५ टक्के वाढ मिळाली असे धरले, तरी पदरात पडते ती एक अश्वशक्ती. टर्बो मोटारींची गोष्ट वेगळी. तिथे टर्बोचा दाब वाढवून ताकद बरीच वाढवता येते. तो जास्तीचा भार क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांच्यावर येतो, आणि ते मात्र जुनेच राहतात.

मराठवाड्याची हवा आणि इथेनॉलचे पेट्रोल

तज्ज्ञ ट्यूनर गाडी डायनोवर, म्हणजे चाके रुळांवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर चढवतो, धुरातला ऑक्सिजन अचूक मोजतो आणि तक्त्यातला एकेक रकाना तपासून बदलतो. मोबाइलवरून पाठवलेली तयार फाइल ईसीयूत टाकणे हे ट्यूनिंग नव्हे. ती फाइल कोणत्या हवेसाठी आणि कोणत्या इंधनासाठी बनवली, हे गाडीला ठाऊक नसते.

इथे आपल्या भूगोलाचा संबंध येतो. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर, तर बालाघाटच्या पठारावरचे लातूर सुमारे ६३० मीटरवर. लोहा, अहमदपूर, चाकूर करत नांदेडहून लातूरला पोहोचेपर्यंत हवा साधारण ३ टक्क्यांनी विरळ झालेली असते. तापमानाचा फरक याहून मोठा. डिसेंबरच्या पहाटे १२ अंश आणि मेच्या दुपारी ४३ अंश धरले, तर त्याच दाबाची हवा दुपारी जवळपास १० टक्क्यांनी विरळ असते. उघडा फिल्टर इंजिनाच्या शेजारची तापलेली हवा ओढतो, तेव्हा उन्हाळ्यात ताकद वाढण्याऐवजी कमी होते. शिवाय आपल्याकडची धूळ! मूळ फिल्टरचा डबा जागा अडवणारा वाटतो, पण काळ्या मातीची बारीक धूळ सिलिंडरपर्यंत जाऊ न देणे हे त्याचे काम असते. जाळी मोकळी केली की धूळ आत जाते आणि सिलिंडर घासला जातो.

दुसरी गोष्ट इंधनाची. देशभर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ऊसपट्ट्यातल्या वाचकांना त्याचे अर्थकारण सांगायला नको. इंजिनाच्या दृष्टीने मात्र ते वेगळे इंधन आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्याने त्याला हवा कमी लागते. एक किलो शुद्ध पेट्रोलला १४.७ किलो हवा, तर २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त सोडावे लागते. साध्या पेट्रोलसाठी, तेही परदेशी गाडीसाठी बनवलेला तक्ता इथे वापरला तर आधीच पातळ झालेले मिश्रण आणखी पातळ होते. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो आणि नॉकिंगला थोडा आळा बसतो हे खरे, पण चुकलेला हिशेब त्याने भरून निघत नाही.

धुरात काय वाढते?

समजा, एखाद्याने सगळे नीट केले. डायनोवर गाडी चढवली, तक्ता बदलला, मिश्रण जमवले. इंजिन सुरक्षित झाले. मग धुराचे काय?

बहुतेक गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. काहींत सायलेन्सरच्या पोटात, काहींत इंजिनाजवळच्या नळीत. मधाच्या पोळ्यासारख्या त्याच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. तापल्यावर तो कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइड यांचा मोठा भाग निरुपद्रवी करतो. त्याची एकच अट असते: हवा-पेट्रोलचे प्रमाण योग्य आकड्याच्या अगदी जवळ हवे. आणि जास्तीत जास्त ताकद मिळते ती याहून घट्ट, म्हणजे जास्त पेट्रोलच्या मिश्रणावर. म्हणजे ताकदीसाठी केलेले ट्यूनिंग आणि स्वच्छ धुरासाठी केलेले ट्यूनिंग यांचे रस्ते वेगळे. शिवाय मोकळा सायलेन्सर बसवताना कन्व्हर्टरच काढून टाकला, तर ट्यूनिंग कितीही उत्तम असो, धूर शुद्ध करणारा भागच उरत नाही. थ्रॉटल सोडल्यावर येणारे 'फटाके' म्हणजे सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत पेटण्याचा आवाज.

स्टेज-६ च्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा किलोमीटरला १ ग्रॅम आणि नायट्रोजन ऑक्साइडची ०.०६ ग्रॅम आहे. हे आकडे गाठण्यासाठी कंपन्यांनी आणि ग्राहकांनीही गाडीच्या किमतीतून पैसे मोजले आहेत. ते दोन-तीन हजारांच्या नळीसाठी गॅरेजच्या कोपऱ्यात काढून ठेवले जातात. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. हृदयविकार असलेल्याला त्याची थोडी मात्राही जाचक ठरते. हायड्रोकार्बनमध्ये कर्करोगाशी संबंध असलेले बेंझीन असते. नायट्रोजन ऑक्साइड आणि हायड्रोकार्बन यांच्यापासून कडक उन्हात जमिनीलगतचा ओझोन तयार होतो, जो दमेकऱ्यांची छाती आवळतो. ऊन तर आपल्याकडे वर्षातले आठ महिने असते.

डिझेलच्या एसयूव्हींमध्ये याचाच दुसरा अवतार दिसतो. काजळी अडवणारा फिल्टर काढून ईसीयूमध्ये 'फिल्टर आहे' असे भासवले जाते. वेग वाढवताना मागे सुटणारा काळा लोट म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण असतात.

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत मराठवाड्यातील लातूर, जालना आणि छत्रपती संभाजीनगर ही शहरे आहेत. या शहरांच्या हवेत रस्त्याची धूळ आणि बांधकामे यांचा वाटा मोठा आहे. मोकळ्या सायलेन्सरच्या गाड्यांवर सगळे खापर फोडणे चुकीचे ठरेल. मात्र चौकात उभा असलेला फळविक्रेता, वाहतूक पोलिस आणि शाळेतून येणारे मूल शहराची सरासरी हवा श्वासात घेत नाहीत. ते समोरच्या नळीतून आलेली हवा घेतात.

कान आणि झोप

नियमानुसार १७५ सीसीवरील दुचाकीला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. ८० ते १७५ सीसीपर्यंत ७७. ही मोजणी साडेसात मीटर अंतरावरून होते. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे त्याच अंतरावर ९० डेसिबल देणारी एक गाडी नियमात बसणाऱ्या दहा गाड्यांइतकी ऊर्जा फेकते आणि १०० डेसिबल देणारी शंभर गाड्यांइतकी. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सोसण्याची शिफारस असते आणि दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला तो पंधरा मिनिटांवर येतो. या आवाजाच्या सर्वांत जवळ असतो तो चालवणारा स्वतः. रात्री अंथरुणावर पडल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखे होणे, ही अंतर्कर्णातल्या नाजूक पेशी दुखावल्याची खूण असू शकते. या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

इतरांचे नुकसान वेगळे. निवासी भागात रात्री १० नंतर आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. झोपेत जाग आली नाही तरी अचानक आलेल्या मोठ्या आवाजाने हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब उसळतो, शरीरात ताणाची संप्रेरके सुटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही रात्रीचा वाहतुकीचा आवाज ४५ डेसिबलखाली ठेवण्यास सांगितले आहे, आणि त्यामागे झोप व हृदयाचे आरोग्य हीच कारणे आहेत. 'लातूर पॅटर्न'च्या शहरात आणि शिकवण्यांचे केंद्र बनलेल्या नांदेडात आसपासच्या जिल्ह्यांतून आलेली हजारो मुले खोल्या करून राहतात. दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के होते ते झोपेत. नीट परीक्षेच्या तयारीला आईबाप लाखो रुपये लावतात. ती झोप रस्त्यावरची एक गाडी मिनिटात मोडते.

कायदा आहे, मोजमाप कुठे आहे?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२ अ बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगते. आवाज आणि धुराच्या मानकांचा भंग केला तर कलम १९०(२) नुसार १० हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना गमावण्याची तरतूद आहे. म्हणजे कायदा अपुरा नाही.

अडचण पुढे आहे. पीयूसीच्या चाचणीत पेट्रोल दुचाकी उभी ठेवून, इंजिन संथ चालू असताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात. नायट्रोजन ऑक्साइड मोजले जात नाही. आवाज तर मोजलाच जात नाही. कन्व्हर्टर जागेवर आहे की नाही, हे वाकून पाहण्याची पद्धत नाही. त्यामुळे पीयूसी वैध असलेली गाडीही रस्त्यावर नियम मोडत असू शकते.

रस्त्यावरच्या मोजणीतही गफलत आहे. ८० डेसिबलची मर्यादा साडेसात मीटरवरची. मीटर सायलेन्सरपासून अर्ध्या मीटरवर धरला, तर केवळ अंतरामुळे कागदी हिशेबाने २० डेसिबलहून अधिक फरक पडतो. उभ्या गाडीची जवळून मोजणी करण्याची वेगळी प्रमाणित पद्धत आहे, आणि ती माहीत नसेल तर निर्दोष गाडी अडकते किंवा दोषी सुटते. मग पोलिसांच्या हाती उरतो तो डोळ्यांचा अंदाज आणि रोडरोलर.

तिसरी त्रुटी विक्रीची. कायद्याचा रोख मुख्यतः वाहनमालकावर आहे. 'फक्त रेसिंगसाठी' असा शिक्का मारलेला सायलेन्सर दुकानात आणि ऑनलाइन उघड विकला जातो. रेसिंग करायची तर कोइमतूरची कारी स्पीडवे आहे, चेन्नईजवळचा ट्रॅक आहे. नांदेड-लातूरमध्ये असा एकही ट्रॅक नाही. मग इथे विकली जाणारी ही नळी कोणत्या शर्यतीत धावणार आहे, हे दुकानदारालाही माहीत असते.

उपाय फार खर्चिक नाहीत. पीयूसी केंद्रावर कन्व्हर्टर आणि मूळ सायलेन्सर आहे का याची नोंद सक्तीची करता येईल. दोन्ही शहरांच्या वाहतूक शाखांना प्रमाणित ध्वनिमापक आणि तो वापरण्याचे एका दिवसाचे प्रशिक्षण देता येईल. एप्रिल २०२५ पासून नव्या दुचाकींत कन्व्हर्टरच्या कामावर लक्ष ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे. परिवहन कार्यालयांनी ती वाचणारे स्कॅनर वापरले तर ईसीयूतली फसवेगिरी बरीच उघड होईल. आणि दंडाची पावती मालकाच्या नावे फाडताना बिल कुठल्या दुकानाचे, हेही विचारायला हवे.

हौशी तरुणांना खलनायक ठरवण्याची गरज नाही. इंजिनाबद्दलचे कुतूहल चांगलेच आहे. त्यातूनच अभियंते घडतात. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही वाहन-चाचणीतली देशातली महत्त्वाची संस्था आपल्याच राज्यात आहे. आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एक डायनो, एक धूरमापक उभा करून मुलांना हवा-पेट्रोलचे गणित हाताने शिकवले, तर गाडीची ताकद आवाजात नसते हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही. ज्यांनी सायलेन्सर आधीच बदलला आहे त्यांच्यासाठी सल्ला साधा आहे: मूळ सायलेन्सर कन्व्हर्टरसह परत बसवा, एअर फिल्टरचा डबा जागेवर लावा, ईसीयूत कंपनीचा मूळ तक्ता घाला. गाडीचा विमा आणि वॉरंटी यांनाही हीच अवस्था मानवते. कानात शिट्टी वाजत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून श्रवणचाचणी करून घ्या. दोन्ही जिल्ह्यांच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत तुम्हाला हा विभाग सापडेल.